खंदकातील पहिला हिवाळा : फ्रान्समधील भारतीय कोर, ऑक्टोबर १९१४ ते मार्च १९१५

पहिले महायुद्ध चालू असताना २३ नोव्हेंबर १९१४ रोजी सकाळी उत्तर फ्रान्समधील फेस्तुबेर या खेड्याजवळ ३४ व्या शीख पायोनियर्सच्या खंदकात हातबॉम्ब येऊन पडू लागले. जर्मनांनी आधीच्या काही दिवसांत आपल्या खंदकापासून अरुंद नाळी खणत पुढे आणल्या होत्या आणि त्यांची टोके आता भारतीय खंदकापासून मोजक्या यार्डांवर येऊन ठेपली होती. मोकळे शेत ओलांडून कोणी धावून येत नव्हते, त्यामुळे नेम धरावा असे लक्ष्यच पायोनियर्सच्या समोर नव्हते. नाळीच्या तोंडाशी जमिनीखाली बसलेला माणूस बॉम्ब भिरकावत होता आणि त्याला त्याच भाषेत उत्तर देण्याइतके बॉम्ब पायोनियर्सजवळ नव्हते. दिवस वर येईपर्यंत आघाडीचा मोठा तुकडा हातचा गेला.

ज्या पलटणीचे कामच खणण्याचे, तिला जमिनीखालून आलेल्या शत्रूने हुसकावून लावावे, हा विरोधाभास थोडा बाजूला ठेवला तरी हा प्रसंग अभ्यासण्यासारखा आहे. खंदकयुद्ध कसे जन्माला आले याची सर्वसाधारण कारणे बहुतेक वाचकांना ठाऊक असतात. परंतु त्या युद्धात उतरलेल्या एका विशिष्ट सैन्याचे काय झाले, त्याची कोणती शक्ती टिकली, कोणती पहिल्या महिन्यातच संपली आणि शिपायाच्या दृष्टीने ‘लढाई’ या गोष्टीचा अर्थच कसा बदलला, हे पाहायचे तर भारतीय कोरचे, म्हणजे ब्रिटिशांनी भारतातून नेलेल्या दोन डिव्हिजनच्या सैन्याचे, फ्रान्समधील पहिले पाच-सहा महिने हे फार बोलके प्रकरण आहे. हे सैन्य थंडीमुळे आणि परक्या हवामानामुळे खचले, असे त्या वेळी सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाला ते स्पष्टीकरण सोयीस्कर वाटते, पुरेसे वाटत नाही.

खंदक कोठून आले

खंदक हा १९१४ चा शोध नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात पीटर्सबर्गभोवती १८६४-६५ मध्ये दोन्ही सैन्ये महिनोन्‌महिने मातीत दडून बसली होती आणि १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थर व मुकदेन येथे मशीनगन, काटेरी तार आणि खंदक यांची एकत्रित करामत युरोपच्या लष्करी निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहिली होती. मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या झाडणारी मशीनगन, दर झाडणीनंतर पुन्हा नेम न धरता मारा चालू ठेवू शकणारी १८९७ ची फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफ आणि पंधरा-वीस सेकंदांत पाच-सहा गोळ्या अचूक मारणारा कसलेला शिपाई यांच्यासमोर उघड्यावर उभे राहणे म्हणजे मरण, एवढे समजायला सेनापतीची गरज नव्हती. शिपाई आपण होऊन खणत होता.

१९१४ मध्ये नवे होते ते निराळेच. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मार्नच्या लढाईत जर्मन मागे हटले आणि एन नदीच्या उत्तरेकडील उंचवट्यावर पाय रोवून उभे राहिले. त्यांना समोरून हलवता येईना, म्हणून दोन्ही सैन्ये एकमेकांची बगल गाठण्यासाठी उत्तरेकडे सरकत गेली आणि अखेर उत्तर समुद्राच्या किनाऱ्याला जाऊन थडकली. तेथून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे सातशे किलोमीटरची अखंड रेषा तयार झाली. या रेषेला बगलच नव्हती. सक्तीच्या भरतीमुळे लक्षावधी माणसे हाताशी होती, त्यामुळे ती रेषा सर्वत्र माणसांनी भरता येत होती. आणि कोठे भगदाड पडलेच तर बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येत होती, तर हल्ला करणाऱ्याला तोफांनी नांगरलेल्या चिखलातून पायी पुढे जावे लागत होते. खंदक त्यामुळे तात्पुरता आडोसा न राहता मुक्कामाची जागा झाला.

त्यात आणखी एक असमतोल होता. जर्मन परक्या भूमीवर उभे होते, त्यामुळे थोडे मागे सरकून सोयीची जागा निवडायला त्यांना मनाची किंवा राजकारणाची अडचण नव्हती. फ्रेंच आणि ब्रिटिश मात्र फ्रान्सची वीतभर जमीनही आपण होऊन सोडायला तयार नव्हते. परिणामी भारतीय कोरच्या वाट्याला आलेल्या भागात ओबेरचा उंचवटा जर्मनांकडे आणि त्याखालचा पाणथळ सखल पट्टा भारतीयांकडे, अशी वाटणी झाली. उंचवटा म्हणजे तरी किती? जेमतेम दहा-पंधरा मीटर. सह्याद्रीच्या मुलखातला वाचक त्याला टेकाडही म्हणणार नाही. पण त्या दहा-पंधरा मीटरमुळे पाणी कोणाच्या खंदकात उतरायचे आणि तोफेचा नेम कोणाला आधी दिसायचा, हे ठरत होते.

कोणते सैन्य आले

लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन लेफ्टनंट जनरल सर जेम्स विलकॉक्स यांच्या हाताखाली मुंबई आणि कराचीहून जहाजाने निघाल्या आणि लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय बंदरात उतरल्या. तेथे त्यांच्या हातातल्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. अंगात उन्हाळी खाकी होती. गरम कपडे हप्त्याहप्त्याने पोचत राहिले आणि पुष्कळांना ते नोव्हेंबर उजाडल्यावर मिळाले. एका पलटणीत साधारण साडेसातशे भारतीय जवान आणि बारा-तेरा ब्रिटिश अधिकारी असत. मशीनगन दोन होत्या. हातबॉम्ब आणि खंदकी तोफा सुरुवातीला नव्हत्याच म्हटले तरी चालेल.

या सैन्याचे प्रशिक्षण वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरी लढायांसाठी झालेले होते : विखरून पुढे सरकणे, उंच जागा ताब्यात घेणे, कमी गोळ्यांत अचूक नेम. ते कच्चे नव्हते. त्या काळचे छोटे ब्रिटिश व्यावसायिक सैन्य सोडले तर इतके मुरलेले शिपाई दोस्त राष्ट्रांकडे फारसे नव्हते, आणि म्हणूनच त्यांना घाईघाईने आघाडीवर ढकलले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस बेल्जियममधील ईप्रची पहिली लढाई ऐन भरात असताना कोरच्या पलटणी एकत्रही येऊ दिल्या नाहीत. जेथे भोक दिसेल तेथे एक पलटण, कधी अर्धी पलटण, परक्या सेनापतीच्या हाताखाली अशी त्यांची पेरणी झाली. ३१ ऑक्टोबरला होलेबेक येथे १२९ व्या बलुची पलटणीच्या मशीनगनवरचे सगळे साथीदार मारले गेल्यावरही बंदूक चालवत राहिलेल्या शिपाई खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला, तो याच ठिगळकामातला प्रसंग आहे.

२८ ऑक्टोबरचा न्यूव्ह शापेल गावावरचा हल्ला मात्र या प्रकरणात अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात नेमके काय गमावले गेले ते नीट दिसते. ४७ व्या शीख पलटणीबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे खोदकाम-सुरुंगाच्या लष्करी पथकाच्या, २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या पायदळ म्हणून पुढे पाठवण्यात आल्या. या सॅपर्सचे ठाणे पुण्याजवळ खडकीला होते आणि त्यांच्यात इतर समाजांबरोबर मराठ्यांचीही भरती होत असे. शीख आणि सॅपर्स गावात घुसले, घराघरांत संगिनींनी लढले, आणि पाठीमागून कुमक न आल्यामुळे त्यांना उघड्या शेतांतून परतावे लागले. ४७ व्या शीख पलटणीच्या हल्ल्यात उतरलेल्या २८९ जवानांपैकी ६८ जण परत जमले. सॅपर्सचे जवळजवळ सर्व ब्रिटिश अधिकारी मृत किंवा जखमी झाले आणि जवानांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कामी आले. पुढचे चार महिने या सैन्याला सर्वांत जास्त गरज भासणार होती ती खणणाऱ्या, पाणी उपसणाऱ्या, तार लावणाऱ्या आणि बॉम्ब बनवणाऱ्या हातांची. आणि तेच हात संगिनीच्या हल्ल्यात एका दिवसात खर्ची पडले होते. हा निर्णय ज्याने घेतला त्याला पुढचे युद्ध कसले असणार आहे याचा अंदाज आला नव्हता, इतके तरी म्हणता येईल.

ऑक्टोबरच्या अखेरीस कोरने सुमारे आठ मैलांची आघाडी ताब्यात घेतली. लाहोर डिव्हिजनमधील सरहिंद ब्रिगेड तेव्हा इजिप्तमध्ये अडकलेली होती आणि ईप्रकडे उधार दिलेल्या काही पलटणी अजून परतायच्या होत्या. माणसे कमी आणि रेषा लांब, म्हणून पलटणींना आघाडीच्या खंदकातून मागे विश्रांतीसाठी पाठवणे शक्य झाले नाही. पुढे ब्रिटिश सैन्यात काही दिवस पुढच्या रांगेत, काही मदतीच्या रांगेत आणि काही मागे असे पाळीपाळीचे चक्र बसले. भारतीय जवानांच्या वाट्याला त्या पहिल्या महिन्यात असे चक्र फारसे आलेच नाही.

फेस्तुबेरची रात्र

आता पुन्हा २३ नोव्हेंबरकडे वळू. दिवसा केलेले प्रतिहल्ले अर्धेमुर्धे यशस्वी झाले. जमिनीवर बर्फ पडलेला होता आणि त्यावरून चालणारा माणूस रात्रीच्या अंधारातही काळा उठून दिसत होता. पहाट होण्यापूर्वी रेषा परत मिळालीच पाहिजे, असा विलकॉक्स यांचा हुकूम होता. हे काम ३९ व्या गढवाल रायफल्सच्या पहिल्या पलटणीकडे आले. तिने समोरून मैदान ओलांडण्याऐवजी खंदकाच्या एका टोकातून आत शिरून खंदकाच्या लांबीने पुढे जाण्याचा मार्ग पत्करला.

येथे खंदकाची रचना समजून घ्यावी लागते. खंदक सरळ रेषेत खणत नाहीत. सरळ खणला तर एका टोकाला पोचलेला शत्रू दुसऱ्या टोकापर्यंत गोळी चालवू शकतो आणि आत पडलेल्या एका गोळ्याने सगळी रांग आडवी होते. म्हणून दर काही यार्डांवर मातीची जाड आडभिंत ठेवून खंदक तिच्याभोवती वळवून नेतात. अशा रीतीने खंदकाचे लहान लहान कप्पे होतात, आणि एका कप्प्यातील माणसाला शेजारच्या कप्प्यात काय चालले आहे ते दिसत नाही. बचावासाठी ही रचना उत्तम, पण असा खंदक परत घ्यायचा तर प्रत्येक कप्पा ही एक स्वतंत्र लढाई होते. आडभिंतीवरून पलीकडे बॉम्ब टाकायचा, तो फुटताच एका माणसाने कोपरा वळायचा आणि त्याच्या पाठोपाठ इतरांनी. कोपरा वळणाऱ्या पहिल्या माणसाला पलीकडे कोण आहे, किती आहेत, बॉम्बने मेले की दबा धरून बसले आहेत, यातले काहीही ठाऊक नसते. गढवाल्यांजवळचे थोडके बॉम्ब लवकरच संपले आणि मग कोपरे नुसत्या संगिनीवर वळावे लागले. नाईक दरवान सिंग नेगी यांच्या डोक्याला दोन ठिकाणी आणि हाताला जखम झाली होती; तरीही प्रत्येक पुढच्या कप्प्यात शिरणाऱ्या पहिल्या माणसांत ते होते, असे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात नोंदले आहे. उजाडेपर्यंत गेलेली रेषा परत हाती आली.

या रात्रीला ‘लढाई’ म्हणताना थोडे अडखळायला होते. शेकडो माणसांची पलटण होती, पण कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष लढत होते ते चार-सहा जण. बाकीचे त्यांच्या मागे चिखलात रांगेने उभे राहून पुढून काय आवाज येतो ते ऐकत होते. सरहद्दीवरच्या शिपायाचे जे कसब होते, म्हणजे दूरचे हेरणे, नेम आणि जमिनीच्या चढउतारांचा उपयोग, त्याला येथे वावच नव्हता. लागत होते ते कोपरा वळण्याचे धैर्य आणि भरपूर बॉम्ब. पहिले त्यांच्याजवळ होते.

दुसरे त्यांनी जमेल तसे बनवायला सुरुवात केली. मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक, खिळे आणि लोखंडाचे तुकडे भरून वात लावलेले बॉम्ब सॅपर्सनी तयार केले. कोरमधील इंजिनिअर अधिकारी बॅटी यांनी बेथ्युनच्या एका ओतकामाच्या कारखान्यात बिडाचे बॉम्ब पाडून घेतले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकातील औद्योगिक महासत्तांच्या युद्धात शिपाई वात पेटवून डबे फेकत होते. नाळ खणत जवळ जाणे, सुरुंग लावणे, हातगोळे टाकणे ही सगळी किल्ल्याच्या वेढ्यातली कामे आहेत आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला ती पानोपानी भेटलेली असतात. फरक इतकाच की वेढ्यात कोणीतरी आत आणि कोणीतरी बाहेर असतो, दाणागोटा संपला की वेढ्याचा शेवट होतो. येथे दोघेही वेढलेले होते आणि दोघांचाही दाणागोटा रोज रात्री आगगाडीने येत होता.

सुरुंगांचा अनुभवही लवकरच आला. १९ डिसेंबरच्या हल्ल्यात जिवांशी या गावाजवळ आणि फेस्तुबेरजवळ मिळवलेल्या थोड्याशा जागेवर माणसे दमून, भिजून बसलेली असताना २० डिसेंबरच्या सकाळी जर्मनांनी सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा सुरुंग एकदम उडवले. कित्येक जवान उभ्या जागी गाडले गेले आणि जे वाचले त्यांतल्या अनेकांच्या रायफली चिखलाने बंद पडल्या होत्या. चिखलाने रायफल बंद पडणे ही ऐकायला किरकोळ गोष्ट वाटते. पण रायफलीखेरीज दुसरे काहीच हातात नसलेल्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा असतो. दोन दिवसांनी ब्रिटिश पहिल्या कोरने येऊन आघाडी सांभाळली आणि भारतीय कोर टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला.

पाणी, अन्न आणि दिवस

फ्लँडर्समध्ये, म्हणजे आघाडीच्या या सखल प्रदेशात, दोन-तीन फूट खणले की पाणी लागते. त्यामुळे कित्येक ठिकाणी खंदक खाली खणण्याऐवजी वाळूची पोती रचून वर बांधावा लागे. जेथे खणला होता तेथे गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभे राहणे हेच पहाऱ्याचे स्वरूप होते. ओल्या बुटांत दिवसेंदिवस राहिलेले पाय सुजत, बधिर होत आणि सडत. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात या विकाराचे सुमारे वीस हजार रुग्ण झाले. पायांना तेल चोळणे, मोजे बदलणे आणि अधिकाऱ्याने रोज पाय तपासणे ही शिस्त नंतर आली व विकार बराच आटोक्यात आला. म्हणजे दोष थंडीइतकाच व्यवस्थेचाही होता.

खंदकातला दिवस बहुतेक रिकामा असे. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांनी रायफल घेऊन आपापल्या जागी उभे राहायचे, कारण हल्ला होण्याचा संभव त्या वेळी अधिक. मधला दिवस डोके खाली ठेवून काढायचा. काम सुरू होई ते अंधार पडल्यावर : तार दुरुस्त करणे, ढासळलेली बाजू सावरणे, पाणी उपसणे, जखमींना मागे नेणे, शिधा आणणे. प्रत्येक समाजाच्या रीतीप्रमाणे कापता यावे म्हणून मांसासाठी जिवंत जनावरे आणली जात आणि भाकऱ्या मागे भाजून रात्री पुढे पाठवल्या जात. त्या पोचेपर्यंत कशा झालेल्या असत ते सांगायला नको.

नाताळच्या दिवशी दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांबाहेर येऊन भेटल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. तेव्हा आघाडीवर राहिलेल्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीचे जवानही मधल्या मैदानात जर्मनांना भेटले, हे फारसे सांगितले जात नाही. सिगार-सिगारेटची देवाणघेवाण झाली, पण त्या तासाभराचा खरा उपयोग मैदानात कित्येक दिवस पडून राहिलेली आपली माणसे शोधण्यासाठी झाला.

जखमा आणि पत्रे

पहिल्या काही आठवड्यांत इस्पितळात आलेल्या भारतीय जखमींमध्ये हाताच्या, विशेषतः डाव्या हाताच्या जखमांचे प्रमाण इतके होते की वरिष्ठांना संशय आला. शिपाई स्वतःच हात जखमी करून घेत आहेत, किंवा बांधावर हात वर धरून गोळी लागण्याची वाट पाहत आहेत, असे बोलले जाऊ लागले. कोरमध्ये कडक शिक्षा झाल्या. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी पुढे एक हजार जखमांची पद्धतशीर तपासणी केली आणि जखमा मुद्दाम करून घेतल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. खंदकातून गोळी झाडणाऱ्या माणसाचे बांधावर काय दिसते? डोके आणि रायफलीखाली धरलेला डावा हात. डोक्याला गोळी लागलेला माणूस इस्पितळापर्यंत सहसा पोचत नाही. तेव्हा इस्पितळातल्या आकड्यांत हात जास्त दिसणारच, आणि ही गोष्ट इतरही सैन्यांच्या बाबतीत खरी असणार. काही जणांनी तसे केलेच नसेल असे कोणी म्हणणार नाही. पण एका अख्ख्या सैन्याच्या नीतिधैर्याविषयीचा निष्कर्ष अशा आकड्यांवर उभा करणे घाईचे होते.

जवानांच्या मनात काय होते याची खूण त्यांच्या पत्रांत सापडते. बहुतेकांना लिहिता येत नसल्याने पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतली जात आणि ती सेन्सॉरच्या नजरेखालून जात. हे ठाऊक असल्यामुळे जवान आडवळणाने लिहीत. काळी मिरी संपत आली आहे आणि आता लाल मिरची वापरात आहे, अशा अर्थाची वाक्ये आढळतात. काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल म्हणजे गोरे, हे गावी वाचणाऱ्याला कळावे आणि साहेबाला कळू नये, ही अपेक्षा. साहेबाला अर्थातच कळत होते. काही पत्रांत भावाला, पुतण्याला भरती होऊ नको असे सुचवलेले असे, काहींत इज्जत राखण्याची, सरकारचे मीठ खाल्ल्याची भाषा असे, आणि पुष्कळदा एकाच पत्रात दोन्ही असे.

एक तक्रार मात्र वारंवार येते : जखमी होऊन बरा झालेला माणूस पुन्हा आघाडीवर का पाठवला जातो? सरहद्दीवरच्या मोहिमा काही महिन्यांत संपत आणि जबर जखमी झालेला शिपाई आपला वाटा उचलून घरी जाई. ब्रिटिश शिपायाला आठवडाभराच्या रजेवर इंग्लिश खाडी ओलांडून घरी जाता येत होते. भारतीय शिपायाला तशी रजा नव्हती. ब्रायटनच्या राजवाड्यातील इस्पितळात वेगवेगळ्या धर्मांसाठी वेगळी स्वयंपाकघरे आणि वेगळे नळ होते, त्यांची छायाचित्रे भारतभर फिरवली गेली. त्याच शहरातल्या किचनर इस्पितळाच्या आवाराबाहेर पडण्यावर मात्र निर्बंध होते. शिपायाला न कळण्यासारखे त्यात काही नव्हते. मरण येईपर्यंत किंवा हातपाय कायमचा निकामी होईपर्यंत सुटका नाही, हा हिशेब त्याने स्वतः मांडला होता, आणि खंदकयुद्धाने सैनिकाच्या मनावर जो परिणाम केला त्याचे मूळ मला तोफांच्या आवाजापेक्षा या हिशेबात अधिक दिसते.

न्यूव्ह शापेल, मार्च १९१५

विश्रांतीनंतर कोर परत आला आणि १० मार्च १९१५ रोजी ब्रिटिश चौथ्या कोरच्या बरोबरीने न्यूव्ह शापेलवर चालून गेला. या वेळी तयारी चांगली होती. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे केले होते, तीनशेहून अधिक तोफा गुपचूप जमवल्या होत्या, आणि सकाळी साडेसातला सुरू झालेला भडिमार पस्तीस मिनिटांनी थांबताच पायदळ पुढे निघाले. जेथे तार तुटली होती तेथे जर्मनांची पुढची रेषा थोड्या वेळातच पडली आणि सकाळीच गाव हाती आले. गढवालच्या दुसऱ्या पलटणीचे रायफलमन गबर सिंग नेगी प्रत्येक आडभिंतीचा कोपरा सर्वांत आधी वळत शत्रूला मागे रेटत गेले आणि शरणागती मिळेपर्यंत थांबले नाहीत, असे त्यांच्या मानपत्रात म्हटले आहे. ते तेथेच मारले गेले. फेस्तुबेरच्या आणि न्यूव्ह शापेलच्या मानपत्रांतील वर्णन जवळजवळ एकच आहे. एका रेजिमेंटला मिळालेले हे दोन व्हिक्टोरिया क्रॉस एकाच प्रकारच्या मरणाशी खेळल्याबद्दलचे आहेत.

गढवालची पहिली पलटण मात्र दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि ज्या भागावर तोफा डागल्याच नव्हत्या तेथे अखंड तारेवर जाऊन आदळली. तिच्या हल्ल्यात उतरलेले ब्रिटिश अधिकारी तेथे धारातीर्थी पडले.

त्याहून शिकण्यासारखे घडले ते गाव पडल्यानंतर. समोर काही तास वाट जवळपास मोकळी होती. पण टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटल्या होत्या, निरोप धावणाऱ्या माणसांकरवी जात होते, आणि पुढचे काय झाले हे सेनापतींना कळून, त्यांचा हुकूम निघून तो आघाडीवर पोचेपर्यंत दुपार टळून गेली. जर्मनांनी तेवढ्या वेळात मागच्या बाजूला मशीनगन बसवल्या आणि रात्रीतून कुमक आणली. १३ मार्चपर्यंत लढाई थांबली. जेमतेम किलोमीटरभर खोलीची जमीन मिळाली आणि एकट्या भारतीय कोरची सुमारे ४,२०० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. पुढची तीन वर्षे पश्चिम आघाडीवर जे पुन्हा पुन्हा घडणार होते ते येथे चार दिवसांत घडून गेले : पहिली रेषा फोडता येते, पण फोडलेल्या जागेतून बाहेर पडता येत नाही.

खचले ते काय

४७ वी शीख पलटण फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्यात ७६४ जवान होते. नोव्हेंबर १९१४ च्या सुरुवातीलाच कामावर उभे राहू शकणारे ३८५ उरले. एप्रिल १९१५ मध्ये गढवालच्या दोन्ही पलटणी मिळून एक करावी लागली, कारण स्वतंत्र पलटण म्हणावे इतकी माणसे दोन्हींत नव्हती. ब्रिटिश पलटणीची तूट भरायला मागे भरतीची अख्खी यंत्रणा होती. भारतीय सैन्याची राखीव फळी लहान, आणि तीतील पुष्कळ जण वय झालेले किंवा प्रकृतीने निकामी होते. त्यातच पलटणी जात आणि समाजवार बांधलेल्या असल्याने गढवाल्याच्या जागी डोग्रा किंवा पठाण घालणे अवघड होते. जेथे तसे केले तेथे एकमेकांना न ओळखणारी माणसे एका खंदकात आली. जवानांची भाषा येणारे बारा-तेरा अधिकारी गेले की त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण साहेबाला जवानांशी बोलताही येत नसे. ही यंत्रणा वर्षाकाठी काही डझन माणसे गमावणाऱ्या मोहिमांसाठी घडवलेली होती, आणि तिला दिवसाकाठी शेकडो माणसे खाणाऱ्या युद्धात उतरवले गेले.

१९१५ च्या अखेरीस दोन्ही डिव्हिजनचे पायदळ फ्रान्समधून हलवण्यात आले आणि आणखी एक हिवाळा या माणसांना सोसणार नाही, हे कारण पुढे ठेवले गेले. भारतीय घोडदळ मात्र त्याच फ्रान्समध्ये १९१८ च्या वसंत ऋतूपर्यंत राहिले, आणि त्यातले शिपाई काही वेगळ्या हवामानातून आलेले नव्हते. घोडदळ बहुतेक काळ मागे राखून ठेवलेले होते, म्हणून ते टिकले.

आघाडीवरच्या या पलटणींमध्ये मराठा पलटण एकही नव्हती. त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा या पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, आणि डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्या डिव्हिजनला कूत येथे कोंडले होते. फ्रान्सहून निघालेल्या मेरठ आणि लाहोर डिव्हिजनना पुणे डिव्हिजनच्या सुटकेच्या मोहिमेत तिग्रीस नदीकाठी उतरवण्यात आले. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना येथे मेरठ डिव्हिजनला नदी आणि दलदल यांच्या मधल्या अरुंद पट्टीत तुर्कांचे खंदक समोर दिसले : सपाट चिखल, बगल नाही, तोफा अपुऱ्या. दहा मिनिटांच्या भडिमारानंतर सरळ समोरून हल्ला झाला, दिवसभरात सुमारे २,७०० माणसे गेली आणि तुर्कांची रेषा जागच्या जागी राहिली. कूतमधील सैन्याने २९ एप्रिलला शरणागती पत्करली. तोवर सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मृत किंवा जखमी झाली होती, आणि ज्यांना सोडवायचे होते त्यांची संख्या तेरा हजारांच्या आसपास होती.